फोन फॉरमॅट करू नका, आधी तक्रार करा

वाचकाचं पत्र

मॅडम, नाव छापू नये ही विनंती. मुलगी नववीत आहे, वय चौदा पूर्ण. ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला फोन तिच्याकडेच राहिला. सहावीत असताना तिने रील्सच्या एका ॲपवर खातं उघडलं, जन्मसाल २००० टाकून. तेव्हा मला हसू आलं होतं. मागच्या महिन्यात एका मुलीच्या नावाच्या अनोळखी खात्याशी तिची ओळख झाली. हिने आपला साधा फोटो पाठवला, स्नेहसंमेलनात नऊवारी नेसलेला. आता त्या खात्यावरून हिचाच चेहरा लावलेला घाणेरडा फोटो आलाय आणि ‘खरे फोटो पाठव, नाहीतर हा शाळेच्या ग्रुपवर टाकतो’ अशी धमकी. परवा रात्री रडत रडत तिनेच मला सांगितलं. आम्ही ॲपमध्ये रिपोर्ट केलं, तर ‘आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’ असं उत्तर आलं. दुसरं म्हणजे फोन हातात घेतल्यावर दिसलं, वजन उतरवण्याचे, दिवसभर न खाता राहण्याचे रील्स एकामागून एक येत होते. दोन महिने ती रात्री अर्धं ताट टाकून उठते, मी समजत होते अभ्यासाचं टेन्शन. हे म्हणतात, फोन फॉरमॅट करून कपाटात टाक, पोलिसांत गेलो तर गावभर होईल, आणि कंपनी बसलीय अमेरिकेत, तिला आपण काय धरणार? कंपनीला काहीच जबाबदारी नसते का?
एक आई, सातारा जिल्हा

उत्तर

ताई,

तुमचं पत्र सोमवारी आलं. हे सदर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत आठवडा जातो आणि तुमच्या प्रश्नाकडे तेवढा वेळ नाही, म्हणून ज्या ईमेलवरून पत्र आलं तिथे त्याच रात्री चार ओळी पाठवल्या होत्या. फोन फॉरमॅट करू नका, त्या खात्याला फोटो, पैसे, उत्तर, काहीही पाठवू नका, ब्लॉक करण्याआधी खात्याची लिंक टिपून ठेवा, आणि सकाळी पोलीस ठाण्यात जा. त्या तुम्ही वाचल्या असतील असं धरून आता सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी यजमानांना सांगायचं ते. रागाच्या भरात फोन काढून घेतला की मुलीला एकच गोष्ट कळते: आईला सांगितलं म्हणून शिक्षा झाली. नऊवारीतला फोटो मैत्रीण समजून कुणाला पाठवणं हा गुन्हा नाही, मूर्खपणाही नाही. आपणही लग्नातले फोटो शंभर जणांच्या ग्रुपवर टाकतोच की. गुन्हा समोरच्याने केलाय. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर त्या चोराचे हातापायाचे ठसेही पुसून टाकायचे, असा तो फॉरमॅटचा बेत आहे.

ठसे म्हणते ते खरोखरच ठसे आहेत. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, तो कुठल्या उपकरणातून आला हे त्यात सांगावं लागतं. मूळ फोन जागेवर असला की हे सोपं. माझ्याकडे मागे आलेल्या एका प्रकरणात घरच्यांनी फोन पुसून वर दुकानात विकूनही टाकला होता. पोलिसांकडे द्यायला आमच्या हातात फक्त मुलीच्या आठवणी उरल्या होत्या. तेव्हा त्या खात्याचं पान उघडा, त्याची लिंक कॉपी करून वहीत लिहून घ्या. नुसतं नाव पुरत नाही, नाव तो पाच मिनिटांत बदलतो. संभाषणाचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घ्या. मग ब्लॉक करा.

आणि एक सावधगिरी, जी भल्या माणसांकडूनही राहून जाते. तो बनावट फोटो कुणालाही पुढे पाठवू नका. ‘बघा हो, काय केलंय मेल्याने’ म्हणून मामाला, मुख्याध्यापकांना, वकिलाला, मलासुद्धा नाही. चेहरा खरा आणि धड खोटं असलं तरी पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात २०१९ साली घातलेल्या व्याख्येत असं घडवलेलं, बदललेलं चित्र बसतं, आणि ते पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पोलिसांना फोन दाखवायचा, फोटो वाटायचा नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, कंपनीला जबाबदारी असते का. असते. पण आपल्याकडे ती झोपलेली असते आणि तिला हाका मारून उठवावं लागतं. हे असं का झालं याची गोष्ट थोडी मागे जाते, आणि ती एका शाळकरी मुलीपासूनच सुरू होते.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये बाझी डॉट कॉम नावाच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची खासगी चित्रफीत कुणीतरी सव्वाशे रुपयांना विकायला लावली. चित्रफीत कंपनीने बनवलेली नव्हती, विकायलाही तिने लावलेली नव्हती, पण डिसेंबरात कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. उद्योगजगत हादरलं. टपालातून कुणी विष पाठवलं म्हणून पोस्टमास्तरला धरणार का, असा प्रश्न विचारला जाऊ लागला, आणि तो अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पुढे २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ७९ ला आजचं रूप आलं. लोक जे टाकतात त्यासाठी ‘मध्यस्थ’ कंपनी जबाबदार नाही, मात्र तिने योग्य ती दक्षता घेतलेली असली पाहिजे आणि बेकायदा मजकुराची माहिती मिळाल्यावर तो काढला पाहिजे. मुलांच्या लैंगिक चित्रणाला स्वतंत्र शिक्षा सांगणारं ६७ ब हे कलमही त्याच दुरुस्तीतलं. म्हणजे एकाच दुरुस्तीने मुलांना ढाल दिली आणि कंपन्यांना चिलखत. चिलखत जास्त मजबूत निघालं.

कारण सगळी मेख त्या ‘माहिती मिळाल्यावर’ या शब्दांत आहे. माहिती मिळाली असं केव्हा म्हणायचं? २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आली, की मगच. कुणी सोम्यागोम्या उठून ‘हे काढा’ म्हणेल आणि कंपनी घाबरून सगळंच काढत सुटेल, त्यात लोकांचं बोलणं बंद होईल, ही त्यामागची काळजी रास्त होती. मी स्वतः त्या निकालाच्या बाजूची. पण त्याची किंमत तुमच्यासारख्या आईने मोजली. तिने ओरडून सांगितलं तरी कायद्याच्या दृष्टीने कंपनीला ‘माहीत’ झालेलं नसे.

ती फट २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बऱ्याच अंशी बुजवली. या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर, संकेतस्थळावर द्यावा लागतो. भारतात ५० लाखांपेक्षा जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या कंपनीचा हा अधिकारी भारतातच राहणारा असावा लागतो. तेव्हा ‘कंपनी अमेरिकेत’ या यजमानांच्या म्हणण्यातली निम्मी हवा इथेच जाते. तक्रार आल्याची पोच, निवारण, दोन्हींना मुदत आहे. उघडं शरीर दाखवणारा, लैंगिक स्वरूपाचा किंवा चेहरा चिकटवून बनवलेला फोटो असेल तर त्या व्यक्तीची स्वतःची किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणाची तक्रार पुरते, न्यायालयात जावं लागत नाही. अशा मजकुरासाठी २४ तासांपेक्षा जास्त वेळ कंपनीला २०२१ पासूनच नाही, आणि सरकारचा कल ही मुदत आवळण्याकडे आहे, सैल करण्याकडे नाही. मुदत पाळली नाही तर कलम ७९ चं चिलखत गळून पडतं.

मग तुम्हाला ‘उल्लंघन आढळलं नाही’ असं उत्तर कसं आलं? कारण तुम्ही तक्रार केलेलीच नाही, ताई. रागावू नका. ॲपमधलं ‘रिपोर्ट’चं बटण दाबलं की ती गोष्ट कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीशी ताडून बघितली जाते, पुष्कळदा आधी यंत्राकडूनच. तिथे तुम्ही एक वापरकर्ता असता, भारतीय कायद्याखालची तक्रारदार नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहिलं, कलम-नियम दाखवून लिहिलं, की घड्याळ सुरू होतं. हा फरक कुठल्याच ॲपवर मोठ्या अक्षरात लिहिलेला नसतो. तो अधिकारी शोधायला मदतीच्या पानांत खाली, आणखी खाली, जिथे कुणी जात नाही अशा कोपऱ्यात जावं लागतं. तालुक्याच्या कचेरीत ‘माहिती अधिकारी’ अशी पाटी जिन्याखाली लावतात ना, तसंच.

पत्र असं लिहा. मी अमुक वयाच्या मुलीची आई आणि पालक आहे. तिचं वय चौदा, जन्मतारीख ही. तुमच्या ॲपवरच्या तिच्या खात्यावर जन्मसाल चुकीचं आहे, ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, आहे हे मी तुम्हाला या पत्राने कळवत आहे. अमुक लिंकच्या खात्यावरून अमुक तारखेला, अमुक वाजता तिचा चेहरा वापरून बनवलेलं लैंगिक चित्र आणि धमकी आली. २०२१ च्या नियमांतील नियम ३(२)(ब) प्रमाणे ते हटवा, आणि नियम ३(१)(छ) प्रमाणे त्या खात्याची नोंद आणि मजकूर तपासासाठी जपून ठेवा. ही जपणूक १८० दिवसांची असते आणि ती मागणं फार महत्त्वाचं. नाहीतर खातं उडतं आणि माणूसही त्याच्याबरोबर हवेत विरतो. सोबत चित्र जोडू नका. पोलिसांकडे तक्रार झाली असेल तर तिचा क्रमांक लिहा. नियमांच्या इंग्रजी प्रतीत उपनियमांना इंग्रजी अक्षरं आहेत (इथला ब म्हणजे b, छ म्हणजे g), तेव्हा ईमेल इंग्रजीत असेल तर तीच वापरा.

जन्मसालाचं वाक्य मी मुद्दाम घालायला सांगतेय. ‘आम्हाला काय ठाऊक, आमच्या नोंदीत ती पंचविशीची बाई आहे’ ही पळवाट तिने सहावीतच, दोन बोटांनी, कंपनीला बांधून दिली होती. तुमच्या पत्राने ती बंद होते. एरवी हे ‘मी सहमत आहे’चं बटण म्हणजे मोठा विनोद आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच शून्य, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, मोहरी बीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. आपल्याकडे सज्ञानतेची रेघ अठरावर, ॲपवाल्यांची बहुधा तेरावर, आणि खरी तर जिथे मूल खोटं बोलायला शिकतं तिथे.

अधिकाऱ्याचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समित्या आहेत. अपील ऑनलाइन करायचं, वकील लागत नाही, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत.

हे झालं मजकूर हटवण्याचं. पण तुमच्या प्रकरणात कंपनीवर याहून जड जबाबदारी आहे, कारण यात मूल आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांचं असं चित्रण नजरेस आलं की मध्यस्थ कंपनीने ते पोलिसांना, विशेष बाल पोलीस पथकाला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवलंच पाहिजे. कंपन्या काय करत होत्या? अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तिथल्या हरवलेल्या व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राला कळवत होत्या, आणि २०१९ च्या करारामुळे तिथून ती माहिती आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे, तिथून राज्यांकडे येत होती. म्हणजे साताऱ्यातला गुन्हा वॉशिंग्टनला वळसा घालून साताऱ्यात. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रेन अलायन्स विरुद्ध एस. हरीश या खटल्यात यावर स्पष्ट बोट ठेवलं. नुसता मजकूर काढून किंवा अमेरिकेतल्या केंद्राला कळवून भागणार नाही, पॉक्सोप्रमाणे इथल्या पोलिसांना कळवण्याचं कर्तव्य पाळलं नाही तर कलम ७९ चं संरक्षण मागता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच वापरू नका असं सुचवलं, कारण त्यात मुलाच्या संमतीचा वास येतो. हे शोषण आहे, तसंच म्हणा. मला तो निकाल या एका परिच्छेदासाठीही आवडतो.

आता ‘गावभर होईल’. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गाव काय असतं ते मलाही माहीत आहे. पण कायदा काय म्हणतो ते यजमानांना वाचून दाखवा. पॉक्सोखाली मुलीचा जबाब तुमच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आई किंवा वडील सोबत. तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. दारात जीप आणि वर्दी हे जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते या कायद्याला मंजूर नाही. जीप आलीच तर हे कलम २४ त्यांना शांतपणे दाखवा. मुलीचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध केलं तर कलम २३ खाली किमान सहा महिने शिक्षा आहे. खटला बंद दालनात चालतो. तुमच्याच ठाण्यात ओळखीचे लोक असतील तर दुसऱ्या ठाण्यात जा. हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही, तिथे ‘झिरो’ एफआयआर होतो. नोंद करायलाच नकार देणाऱ्या पोलिसालाही कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते, हे फार आवाज न चढवता सांगता येतं.

आणि आणखी एक, जे ऐकायला कडू आहे. मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने तो कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. फक्त मुलांना त्यातून वगळलंय. तेव्हा ‘जायचं की नाही’ हा प्रश्न तुमच्यापुढे तसा उरलेलाच नाही. 

ठाण्यात जाण्याआधी रात्रीच काही करायचं असेल तर सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. बाल मदतवाहिनी १०९८ अहोरात्र असते. १९३० हा क्रमांक मात्र मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर फोन करून वेळ घालवू नका. शिवाय अमेरिकेतलं ते केंद्र ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सोय चालवतं. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा आकड्यांतला ठसा तयार होतो, फक्त ठसा पुढे जातो, फोटो नाही, आणि सामील झालेल्या कंपन्या त्या ठशाशी जुळणारं चित्र शोधून हटवतात. वय अठराच्या आत असतानाच्या फोटोंसाठीच ती आहे, नाव विचारत नाहीत.

समजा तो धमकावणारा शाळेतलाच पोरगा निघाला. तसं पुष्कळदा निघतं, निदान माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रकरणांत. अठराच्या आतला असेल तर तो बाल न्याय मंडळापुढे जाईल, तुरुंगात नाही. ‘त्याचं आयुष्य कशाला बरबाद करता’ म्हणत कुणी मध्यस्थी करायला आलं तर हे सांगा आणि चहा देऊन वाटेला लावा.

आता रील्स. इथे मला तुम्हाला कमी आवडेल असं बोलावं लागणार आहे.

‘दिवसभर काही न खाता कसं राहायचं’ हे सांगणारा रील बेकायदा नाही. २०२१ च्या नियमांत, कंपनीने जो मजकूर लोकांनी टाकू नये म्हणून वाजवी प्रयत्न करायचे त्या यादीत, ‘बालकास हानिकारक’ असे शब्द आहेत. शब्द आहेत, व्याख्या नाही. आणि सगळी यादी लोकांनी काय टाकू नये याची आहे. यंत्राने चौदा वर्षांच्या मुलीच्या पुढ्यात काय वाढत राहावं, याबद्दल तिथे अक्षर नाही. एक रील कुणीतरी टाकला हा तुमचा प्रश्न नाहीच. तिने एक बघितला, जरा रेंगाळली, आणि यंत्राने पुढचे चारशे वाढले, हा आहे. ताट नको म्हणणाऱ्या मुलीला हे ताट मात्र अखंड वाढलं जात होतं.

जगात याचा विचार ज्या घटनेने बदलला ती इंग्लंडमधली. मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली. शेवटच्या सहा महिन्यांत तिने साठवलेल्या, पसंत केलेल्या १६,३०० पोस्ट्सपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्येविषयीच्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये मृत्यूचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला की या मजकुराचा तिच्या मृत्यूला हातभार लागला, आणि तो नगण्य नव्हता. तिच्या वडिलांनी पाच वर्षं हे लावून धरलं होतं. २०२३ साली ब्रिटनचा ऑनलाइन सुरक्षा कायदा आला, आणि २५ जुलै २०२५ पासून मुलांविषयीची कर्तव्यं लागू झाली. त्यात अश्लीलता, आत्महत्या, स्वतःला इजा आणि खाण्याच्या विकारांना उत्तेजन देणारा मजकूर मुलांपर्यंत पोचूच नये, ही जबाबदारी कंपनीची. पोचल्यावर काढण्याची नव्हे, पोचू न देण्याची. दंड जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमची मुलगी तिथे असती तर तिच्या रील्सचा हिशेब कंपनीला द्यावा लागला असता. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची खातीच बंद केली, आणि त्यातही दंड कंपनीला, मुलाला किंवा पालकाला नाही. माझी मावसबहीण मेलबर्नला असते. तिचा पंधरा वर्षांचा दिवटा आता आईच्या फोनवर बघतो, असं तीच सांगते. तरी मला ती दिशा बरी वाटते, बंदीपेक्षा ब्रिटनची जास्त.

आपल्याकडे कायदा अजून वरातीमागून घोडं नाचवतोय. थोडी आशा एका वेगळ्याच दारातून येतेय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे अठराच्या आतल्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती हवी. त्यांच्यावर पाळत ठेवणं, वागणुकीचा माग काढणं, नेमून जाहिराती दाखवणं बंद. मुलाच्या हिताला बाधेल असा वापरही बंद. दंड २०० कोटींपर्यंत. आता चारशे रील्सचं ते ताट वागणुकीचा माग काढल्याशिवाय वाढता येईल का? माझ्या मते नाही, आणि या कलमावर एक दिवस मोठा खटला उभा राहील. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि ही मुख्य कर्तव्यं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तुमच्या मुलीची दहावी त्याआधी उरकेल.

म्हणून रील्सच्या बाबतीत कंपनीवर विसंबून राहू नका. त्याच तक्रारीत एक परिच्छेद घाला: ती अज्ञान आहे, न खाण्याला उत्तेजन देणारा मजकूर तिला सतत दाखवला जातोय, तो थांबवा. कायद्याने फार हलेल असं नाही, पण ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय याही बाबतीत संपते, आणि पुढे मागे ते पत्र कामी येईल. खात्याचं जन्मसाल दुरुस्त करून घ्या. तुमचं ॲप कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही; पण इन्स्टाग्रामने, उदाहरणार्थ, फेब्रुवारी २०२५ पासून भारतात अठराच्या आतल्यांसाठी वेगळी बंदिस्त खाती सुरू केलीत आणि सोळाच्या आतल्यांना त्यातली बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. वय खरं असेल तरच ही सोय जागी होते. शिफारशी पुसून नव्याने सुरुवात करण्याचा पर्यायही असतो. तो तुम्ही नका दाबू, पुरावे काढून झाल्यावर तिच्या हातून दाबवून घ्या.

आणि ते अर्धं ताट मला त्या फोटोइतकंच काळजीचं वाटतं. दोन महिने म्हणजे टेन्शन नव्हे. ‘खा गं, बारीक झालीस’ हे वाक्य काही दिवस बंद ठेवा, तिच्या कानाला ती शाबासकी वाटत असेल. पाळी नियमित आहे का, चक्कर येते का, हे बघून या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांना रील्सचं स्पष्ट सांगा. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं. धमकीमुळे ती फार खचलेली वाटली, जिवाचं काही बोलली, तर तिला एकटी ठेवू नका आणि सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा.

शाळेत मुख्याध्यापिकांना भेटा, एकट्याच जा. फोटो दाखवायचा नाही, एवढंच सांगायचं की असा एक बनावट फोटो ग्रुपवर पडू शकतो, पडला तर कुणी पुढे पाठवू नये आणि लगेच कळवावं. गुन्हा झाल्याचं कळल्यावर कळवण्याचं बंधन शाळेवरही आहे, हे त्यांना माहीत असतं; आठवण करून दिलेली चालते.

अधिकाऱ्याचं उत्तर ज्या तारखेला येईल ती कॅलेंडरवर लिहून ठेवा, अपिलाचे तीस दिवस तिथून मोजायचे. अपिलाचा मसुदा मी करून देईन, फी नाही. तक्रारीची प्रत, पोच आणि उत्तर एवढंच पाठवा. तो फोटो पाठवू नका.